रोजचा थेंब की दीड महिन्याच्या खेपा

‘पिकला नाही ना अजून? मग पुढच्या वर्षी बघू,’ असे म्हणत काचबिंदूचा कागद घडी घालून खिशात टाकणारा रुग्ण सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील आमच्या तपासणीत जवळजवळ प्रत्येक खेपेला भेटतो. चूक त्याची नाही, नावाची आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे जुळ्या भावांसारखी असल्यामुळे एकाचे नियम दुसऱ्यालाही लागू असणार, असे तो धरून चालतो. मोतीबिंदूत डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की गेलेली नजर परत येते आणि काही महिने थांबल्याने सहसा कायमचे नुकसान होत नाही. काचबिंदूत मात्र डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजत जाते. या नसेत सुमारे दहा ते बारा लाख तंतू असतात आणि त्यांतला मेलेला तंतू आजच्या कोणत्याही उपचाराने परत येत नाही. काचबिंदू पिकत नाही. तो फक्त पुढे सरकतो.

या आजाराचे यंत्र समजले तर उपचारांतील फरक आपोआप उलगडतो. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पारदर्शक द्रव सतत तयार होत असतो. मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे दिवसभरात जेमतेम अर्धा-पाऊण चमचा. बाहुलीतून पुढे आलेला हा द्रव बुबुळाच्या कडेला असलेल्या कोनातील बारीक जाळीतून गाळला जाऊन रक्तात मिसळतो. न्हाणीतला नळ चालू आहे आणि मोरीच्या जाळीत केस अडकले आहेत, अशी कल्पना केली तर काचबिंदूच्या बहुतेक प्रकारांत काय होते ते लक्षात येईल: द्रव वाजवी प्रमाणातच तयार होतो, पण निचरा मंदावतो आणि दाब वाढतो. हा दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. वाढलेल्या दाबाचा भार डोळ्याच्या मागे, नस जिथून बाहेर पडते त्या नाजूक जागी पडतो. रक्तदाबाशी याची गल्लत करू नये. ‘बीपीची गोळी चालू आहे, मग डोळ्याचे प्रेशर कसे वाढले?’ हा प्रश्न नेहमीचा आहे, आणि त्याचे उत्तर असे की हे दोन वेगवेगळे दाब आहेत.

दाब नेहमीच वाढलेला असतो असेही नाही, आणि शिबिरांमधील मोठी फसगत इथेच होते. तो दिवसभरात खालीवर होत असतो, बुबुळाचा पारदर्शक पडदा जाड की पातळ यावर त्याचे मोजमाप अवलंबून असते, आणि काही जणांची नस २१ च्या खालच्या दाबालाही झिजते. त्यामुळे एकदा दाब मोजून ‘नॉर्मल’ असा शेरा मारणे पुरेसे नाही. बाहुली मोठी करून नसेच्या तोंडाशी असलेली वाटी किती खोल झाली आहे, ते पाहावेच लागते. भारतातील ग्रामीण पाहण्यांमध्ये काचबिंदू आढळलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना आपल्याला तो आहे याची कल्पनाच नव्हती. हे नवल नाही, कारण आधी जाते ती कडेची नजर. मधली नजर शाबूत असते, एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, आणि माणूस सुईत दोरा ओवत राहतो.

म्हणजे खेड्यातल्या तपासणीत निर्णय घ्यायचा असतो तो बहुधा उशिरा आलेल्या डोळ्याबद्दल. आता उपचार कोणताही असो, त्याचे काम एकच: दाब उतरवणे. थेंब द्रवाचे उत्पादन कमी करतात किंवा निचरा वाढवतात. लेझर जाळीला चालना देते. शस्त्रक्रिया मोरीलाच दुसरी वाट काढून देते. स्वीडनमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००२-०३ साली आले, दाब १ मिलिमीटरने उतरला तर आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असे दिसले. त्यामुळे प्रश्न ‘कशाने दाब जास्त उतरतो’ एवढाच असता तर उत्तर सोपे होते. माझ्या मते खेड्यातला खरा प्रश्न वेगळा आहे: कोणता उपचार या माणसाकडून कोणत्या वेळी किती खेपा मागतो, आणि त्या खेपा तो घालू शकतो का?

थेंबांपासून सुरुवात करू. नवीन रुग्णाला मी आता चिठ्ठी देऊन मोकळा करत नाही. जुन्या रुग्णाला तर बाटली घेऊनच बोलावतो आणि समोर बसवून थेंब टाकायला सांगतो. गेल्या उन्हाळ्यात सत्तरीच्या एका आजींनी पिशवीतून, मीठ बांधून आणावे तशी, रुमालात गुंडाळलेली बाटली काढली. मान वर केली, डोळा मिटूनच घेतला, बाटलीचे टोक पापण्यांच्या केसांवर टेकवले आणि दाबले. पहिला थेंब गालावर गेला, दुसरा कानाकडे ओघळला, तिसऱ्याला त्या म्हणाल्या, ‘पडला.’ सांधेदुखीने बोटे वाकडी झालेली, हात थोडा कापरा. त्यांच्या कागदावर ‘औषध चालू’ असे लिहिलेले होते आणि दाब २६ होता. याआधी त्यांना दुसरी बाटली वाढवून दिली गेली होती. खरे तर पहिलीच डोळ्यात पोहोचत नव्हती.

डोळ्यात एका वेळी मावते ते फारच थोडे; बाटलीतून पडणारा एक थेंबही त्याहून मोठा असतो, म्हणून दोन थेंब टाकल्याने दुप्पट गुण येत नाही, फक्त बाटली लवकर संपते. खालची पापणी ओढून झोळी करायची, थेंब त्या झोळीत सोडायचा, डोळा अलगद मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा दोन-तीन मिनिटे बोटाने दाबून धरायचा. हे दाबणे क्षुल्लक वाटते, पण त्यामुळे औषध नाकात उतरून रक्तात जात नाही. टिमोलॉलसारख्या औषधाच्या बाबतीत ते महत्त्वाचे आहे. हा थेंब स्वस्त आहे, सर्वत्र मिळतो आणि म्हणूनच ग्रामीण दवाखान्यात सर्वांत आधी लिहिला जातो. पण तो नाडी मंद करतो आणि श्वासनलिका आवळतो. आयुष्यभर चुलीपुढे बसून धूर गिळलेल्या आणि दम्यासारखी धाप लागणाऱ्या बाईला, छातीला स्टेथोस्कोप न लावता, टिमोलॉल देणे धोक्याचे आहे. डोळ्याचे डॉक्टर छाती तपासत नाहीत, ही आमच्या धंद्यातली जुनी उणीव आहे.

लॅटानोप्रोस्टसारखे प्रोस्टाग्लँडिन गटातले थेंब रात्री एकदाच टाकायचे असतात आणि ते दाब साधारण पाव ते एक तृतीयांशाने उतरवतात. डोळे थोडे लाल होणे, पापण्यांचे केस वाढणे असे त्यांचे उपद्रव सहसा सोसण्याजोगे असतात. अडचण किमतीची आहे, आणि थंडाव्याची. लॅटानोप्रोस्टच्या अनेक बाटल्या उघडण्यापूर्वी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात; जतच्या मे महिन्यात एसटीच्या टपावरून किंवा दुकानाच्या तापलेल्या फळीवरून आलेल्या बाटलीत काय उरले असेल, हे बाटलीकडे पाहून कळत नाही. खानापूर-आटपाडीकडची गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात परराज्यात असलेली मुले घरी येताना आई-वडिलांसाठी सहा-सहा महिन्यांच्या बाटल्या एकदम आणतात. हेतू चांगला असतो. पण घरी फ्रीज नसेल तर त्या गावातल्या थंड पेयांच्या दुकानात ठेवायची व्यवस्था करा, असे मी आता स्पष्ट सांगतो.

थेंबांचा हिशेब असा आहे: रोज थोडे कष्ट, दरमहा थोडा खर्च, दर तीन-चार महिन्यांनी एक तपासणी, आणि हे सारे मरेपर्यंत. दुखत नसताना, दिसण्यात काहीच फरक पडत नसताना, हे चालू ठेवायचे. पावसाने दगा दिलेल्या वर्षी घरखर्चातून आधी काय वगळले जाते, हे सांगायला नको.

शस्त्रक्रियेचा हिशेब उलटा आहे. काचबिंदूची सर्वाधिक रूढ शस्त्रक्रिया म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टमी. केर्न्स यांनी १९६८ साली तिचे वर्णन केले आणि पुष्कळ सुधारणा होऊनही तिचा गाभा तोच आहे. वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात अर्ध्या जाडीची एक झडप उचलतात, तिच्याखाली आतपर्यंत लहानसे भोक पाडतात, झडप टाक्यांनी सैलसर बसवतात आणि त्यावर पातळ आवरण ओढून घेतात. आतला द्रव झिरपून त्या आवरणाखाली जमतो आणि तिथून शोषला जातो. पापणी वर उचलली तर तिथे एक फिकट, पाणीदार फुगवटा दिसतो, ज्याला आम्ही ब्लेब म्हणतो. इथे एक गंमत आहे. इतर प्रत्येक शस्त्रक्रियेत जखम भरली की डॉक्टर खूश होतो; इथे जखम पूर्ण भरली तर शस्त्रक्रिया फसली. शरीर मात्र आपले काम इमानाने करत असते, म्हणून व्रण धरू नये यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी मायटोमायसिन हे मूळचे कर्करोगावरचे औषध काही मिनिटे तिथे लावतात.

पुढचे चार ते सहा आठवडे खरी परीक्षा असते, आणि खेड्यातला निर्णय याच आठवड्यांवर ठरतो. दुसऱ्या दिवशी तपासणी, मग जवळजवळ दर आठवड्याला. निचरा जास्त झाला तर डोळा मऊ पडतो, कमी झाला तर एखादा टाका सोडावा लागतो, आणि तो योग्य आठवड्यात सोडला नाही तर झडप चिकटून बसते. जतहून मिरजेला जायला एसटीने दोन-अडीच तास लागतात. मिरज हे वैद्यकीय सोयींसाठी कर्नाटकापर्यंत नावाजलेले गाव आहे आणि आमचे बहुतेक रुग्ण तिकडेच जातात, पण अशा सहा-सात खेपा, प्रत्येक खेपेला सोबत एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. त्यानंतर मात्र ओझे हलके होते. दाब बहुधा १० ते १५ च्या दरम्यान स्थिरावतो, अनेकांना निदान काही वर्षे थेंब लागत नाहीत, आणि वर्षातून दोन तपासण्यांवर भागते. ब्लेब पातळ असेल तर जंतुसंसर्गाचा धोका मात्र कायम राहतो. म्हणून विहिरीत किंवा कालव्यात सूर मारणे बंद, आणि डोळा लाल होऊन दुखू लागला, चिपडे आली, तर त्याच दिवशी दवाखाना, हे रुग्णाला आणि घरच्यांना पाठ असले पाहिजे.

आणखी एक अडथळा आहे, तो वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही. गावात शस्त्रक्रियेचे माप मोतीबिंदूने ठरते. शेजारच्या तात्यांची पट्टी काढली आणि त्यांना कॅलेंडरवरची तारीख दिसली, हे सगळ्या गल्लीने पाहिलेले असते. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नजर वाढत नाही; उलट पहिले काही आठवडे थोडी धूसर होते, चष्म्याचा नंबर बदलतो, आणि पुढे मोतीबिंदू लवकर येण्याची शक्यताही वाढते. ‘ऑपरेशन केले आणि होते ते दिसणेही कमी झाले’ अशी एक हकीकत गावात पसरली की पुढची पाच वर्षे त्या गावातून कोणी तयार होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधीच, शक्यतो घरातल्या कर्त्या माणसासमोर, सांगावे लागते की हे ऑपरेशन गेलेले आणण्यासाठी नसून उरलेले राखण्यासाठी आहे.

संशोधन या बाबतीत काय सांगते? अमेरिकेत ६०७ नव्या रुग्णांवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत आधी औषध आणि आधी शस्त्रक्रिया या दोन्ही गटांची नजर पाच वर्षांनी जवळपास सारखीच राहिली. पुढच्या विश्लेषणात मात्र सुरुवातीलाच नुकसान जास्त असलेल्यांना शस्त्रक्रियेचा लाभ अधिक झाल्याचे दिसले. ब्रिटनमध्ये बऱ्याच पुढे गेलेल्या काचबिंदूच्या ४५३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले. दोन वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटाचा सरासरी दाब सुमारे १२, तर औषधाच्या गटाचा सुमारे १५ होता. रोजच्या जगण्याच्या गुणवत्तेत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. हे आकडे मोलाचे आहेत, पण ते वाचताना एक गोष्ट विसरता कामा नये: चाचणीतल्या रुग्णाला औषध वेळेवर मिळत होते, आणि तो तपासणीला आला नाही तर कोणीतरी त्याची चौकशी करत होते. जतमधल्या ‘औषध’ गटाला या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत. तिथे शस्त्रक्रियेची तुलना औषधाशी होत नसून अधूनमधून टाकलेल्या औषधाशी होते, आणि त्या तुलनेत पारडे शस्त्रक्रियेकडे कागदावर दिसते त्याहून जास्त झुकते.

लेझरचा पर्याय या दोहोंच्या मध्ये बसतो आणि माझ्या मते ग्रामीण भागात तो फारच कमी वापरला जातो. कोन उघडा असलेल्या काचबिंदूत निचऱ्याच्या जाळीवर लेझरचे अतिशय कमी ऊर्जेचे ठिपके देतात; काम काही मिनिटांचे, चिरा नाही, टाका नाही, त्याच दिवशी घरी. इंग्लंडमधील २०१९ च्या चाचणीत लेझरने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही एकाही थेंबाविना आटोक्यात होता. आपल्याला अधिक जवळची चाचणी टांझानियातली आहे, कारण तिथल्या रुग्णांची परिस्थिती आपल्यासारखीच आहे: २०२१ साली आलेल्या निष्कर्षांनुसार एका वर्षानंतर लेझरच्या गटात ६१ टक्के डोळ्यांत उपचार यशस्वी ठरला, टिमोलॉलच्या गटात ३१ टक्क्यांत. परिणाम काही वर्षांत ओसरतो, तेव्हा पुन्हा करता येतो. यंत्र महाग आहे हे खरे, पण ते गावोगाव लागत नाही. रुग्णाला एकदा यंत्रापर्यंत नेणे हे बाटली दरमहा रुग्णापर्यंत नेण्यापेक्षा सोपे आहे.

कोन बंद होण्याचा काचबिंदू हा वेगळा विषय आहे आणि आपल्याकडे तो युरोपीय लोकांपेक्षा जास्त आढळतो. डोळा अचानक लाल होतो, असह्य डोके दुखते, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात, आणि पुष्कळदा रुग्णाला पित्ताचे औषध देऊन घरी पाठवले जाते. तिथे थेंब की शस्त्रक्रिया हा वादच नाही. दाब औषधांनी तातडीने उतरवून बुबुळाच्या रंगीत पडद्याला लेझरने छिद्र पाडायचे, दुसऱ्या डोळ्यालाही पाडायचे, आणि सोबत मोतीबिंदू असेल तर तो काढल्याने कोन आणखी मोकळा होतो. तसेच, खाज सुटली म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेले स्टेरॉईडचे थेंब महिनोन्‌महिने टाकून काचबिंदू ओढवून घेतलेली शाळकरी मुलेही येतात. तिथे पहिला उपचार म्हणजे ती बाटली काढून घेणे.

आता एका निर्णयाची हकीकत. ऊसतोडीला कोयत्यावर जाणारे, पन्नाशी ओलांडलेले एक अण्णा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आले, तेही चष्म्याच्या नंबरासाठी. उजवीकडून येणारा ट्रॅक्टर दिसला नाही म्हणून फडात दोनदा शिव्या खाल्ल्या, एवढीच तक्रार. उजव्या डोळ्याचा दाब ३४, नसेची वाटी काठापर्यंत गेलेली, नळीतून पाहावे इतकीच नजर शिल्लक. डावीकडे दाब २८ आणि नस अर्ध्याहून अधिक झिजलेली. पुस्तकाप्रमाणे उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया लगेच करायला हवी होती. पण मुकादमाकडून उचल घेऊन झाली होती, पंधरा दिवसांत टोळी निघणार होती, आणि हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ते कारखान्याच्या तळावर राहणार होते. शस्त्रक्रिया करून त्यांना उसाच्या पाचटात आणि धुळीत पाठवणे म्हणजे टाका सोडायला कोणी नाही आणि संसर्गाला आमंत्रण, असा तो प्रकार झाला असता. थेंबांवर सहा महिने सोडणेही धोक्याचे होते.

त्या दिवशी आम्ही तासभर कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसलो. कोन उघडा होता, म्हणून दोन्ही डोळ्यांना त्याच आठवड्यात मिरजेला लेझर केले. रात्रीचा एक थेंब सुरू केला. तो टाकण्याचे काम त्यांच्या पत्नीने घेतले, कारण त्या टोळीत सोबतच होत्या आणि दोन खेपांत शिकल्या. तळ ज्या कारखान्यावर पडणार होता, त्याच्या जवळच्या गावात दाब मोजू शकणारा दवाखाना शोधून त्यांच्या नावाने चिठ्ठी दिली. जानेवारीत फोनवर कळलेले आकडे २१ आणि १७ होते. डाव्यासाठी चालण्याजोगे, उजव्यासाठी अपुरे. एप्रिलमध्ये ते परतले आणि अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात उजव्या डोळ्याची ट्रॅबेक्युलेक्टमी झाली. पेरणीला अजून दीड महिना होता. तिसऱ्या आठवड्यात एक टाका सोडावा लागला, त्या खेपेला त्यांनी धाकट्या भावालाही तपासणीसाठी बरोबर आणले, कारण सख्ख्या भावंडांना हा आजार असण्याची शक्यता कित्येक पटींनी जास्त असते, असे आम्ही त्यांना ऑक्टोबरमध्येच सांगितले होते. भावाचा दाब १८ निघाला. नसेची वाटी मात्र एका डोळ्यात दुसऱ्यापेक्षा खोल होती, म्हणून त्याला पुढची तारीख दिली ती टोळी निघण्याच्या आधीची.